मिसिसागाच्या सहा जागा आणि दोन सरकारे

२७ फेब्रुवारी २०२५ रोजी कॅनडातील ऑन्टारियो प्रांताची निवडणूक झाली आणि मिसिसागा शहरातील सहाही जागा डग फोर्ड यांच्या प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्षाने जिंकल्या. जवळजवळ दहा वर्षे या शहराच्या महापौर राहिलेल्या आणि तेव्हा प्रांतिक लिबरल पक्षाचे नेतृत्व करत असलेल्या बॉनी क्रॉम्बी यांनाही इथून निवडून येता आले नाही. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २८ एप्रिलला, कॅनडाच्या संसदेची निवडणूक झाली आणि त्याच नावाच्या सहाही मतदारसंघांतून मार्क कार्नी यांच्या लिबरल पक्षाचे उमेदवार विजयी झाले. शहर तेच, मतदारही तेच, निकाल मात्र पुरता उलटा.

मी या शहरात राहते आणि दोन्ही वेळा मतदान केले आहे. आमच्या मराठी परिचितांमध्ये या निकालांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणते की, इथल्या लोकांना स्वतःला काय हवे आहे तेच कळत नाही. हे मत मला मुळीच पटत नाही. महाराष्ट्रातही २०२४ मध्ये लोकसभेला महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या आणि सहा महिन्यांत विधानसभेला महायुतीला प्रचंड बहुमत मिळाले. पण तिथे तेच पक्ष, तीच चिन्हे आणि बरेचसे तेच चेहरे दोन्ही वेळा समोर होते, त्यामुळे त्याला मतदारांनी कौल फिरवला असे म्हणता येते. मिसिसागात कौल फिरला नाही. दोन वेगळ्या सरकारांविषयी, दोन वेगळ्या पक्षसंघटनांविषयी लोकांनी दोन स्वतंत्र निर्णय घेतले. फोर्ड यांनी ऑन्टारियोचे रक्षण करू ही घोषणा देऊन निवडणूक लढवली आणि कार्नी यांचा प्रचारही अमेरिकेच्या आयातशुल्कापुढे देश खंबीर उभा करण्याच्या मुद्द्यावरच होता. एकच भीती मनात धरून मतदाराने दोन्ही ठिकाणी आधीच मैदानात उतरलेल्या माणसाच्या पाठीशी उभे राहणे पसंत केले, आणि मला त्यात विसंगती दिसत नाही.

कॅनडातील पक्षांच्या नावांवर जाऊन मत बनवणाऱ्याची फसगत ठरलेली आहे, हे भारतातून आलेल्या माणसाच्या उशिरा ध्यानात येते. क्वेबेकचा प्रांतिक लिबरल पक्ष १९५५ पासून केंद्रातील लिबरल पक्षापासून वेगळा आहे. ब्रिटिश कोलंबियातील लिबरल पक्ष तर प्रत्यक्षात उजव्या बाजूच्या मतदारांचे एकत्र येण्याचे ठिकाण होता. २०२३ मध्ये त्याने नाव बदलून बीसी युनायटेड केले आणि पुढच्याच वर्षी निवडणुकीच्या तोंडावर मैदान सोडले. सस्कॅचवनमध्ये सत्तेवर असलेल्या सस्कॅचवन पार्टीची स्थापना १९९७ मध्ये प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल अशा दोन्ही पक्षांच्या आमदारांनी मिळून केली. खुद्द ऑन्टारियोत फोर्ड यांचा पक्ष आणि पिएर पॉलिएव्ह यांचा कन्झर्व्हेटिव्ह पक्ष या दोन निराळ्या संघटना आहेत, आणि २०२५ च्या वसंतात फोर्ड यांच्या प्रचारप्रमुखाने केंद्रीय पक्षाच्या प्रचारावर उघड टीका केली तेव्हा ते सगळ्यांना दिसलेही. न्यू डेमोक्रॅटिक पक्षाची बांधणी तेवढी बराच काळ बहुतेक प्रांतांत वरपासून खालपर्यंत एक राहिली. म्हणूनच, ‘तुम्ही लिबरल की कन्झर्व्हेटिव्ह’ असा सरसकट प्रश्न मला कोणी विचारला, तर कोणत्या सरकारविषयी विचारता आहात, हे आधी विचारावेच लागते.

ऑन्टारियोची तर जुनी रीतच अशी आहे की ओटावात, म्हणजे केंद्रात, एक पक्ष आणि टोरंटोतील क्वीन्स पार्कमध्ये, म्हणजे प्रांताच्या विधानसभेत, दुसरा. बिल डेव्हिस आणि पिअर ट्रूडो, माइक हॅरिस आणि जाँ क्रेटिएन, डाल्टन मॅकगिंटी आणि स्टीफन हार्पर, डग फोर्ड आणि जस्टिन ट्रूडो अशा प्रीमियर (प्रांताचे मुख्यमंत्री) आणि पंतप्रधान यांच्या जोड्या गेली पन्नास वर्षे दिसत आल्या आहेत. २०१५ ते २०१८ या काळात कॅथलीन विन आणि जस्टिन ट्रूडो एकाच पक्षाचे होते, तो अलीकडचा अपवाद. या रीतीचे समर्थन करताना लोक म्हणतात की त्यामुळे दोन्ही सरकारे एकमेकांवर वचक ठेवतात. मला मात्र अनेक वर्षे पाहून असे वाटू लागले आहे की वचकापेक्षा सोय अधिक साधते. समोरच्या इमारतीत विरोधी पक्ष बसलेला असला की आपल्या प्रत्येक अपयशाचे खापर फोडायला एक डोके कायम तयार असते.

ही सोय घटनेतच कशी दडलेली आहे, ते थोडक्यात सांगते. १८६७ च्या कायद्यात कलम ९१ मध्ये केंद्राचे आणि कलम ९२ मध्ये प्रांतांचे अधिकार दिलेले आहेत. बँका, चलन, संरक्षण, फौजदारी कायदा केंद्राकडे. रुग्णालये, मालमत्ता, नगरपालिका, आणि पुढच्या कलमानुसार शिक्षण, प्रांतांकडे. कोणाच्याच यादीत नसलेले विषय केंद्राकडे जातात, आणि आपल्या भारतीय राज्यघटनेनेही उरलेले अधिकार केंद्राला देताना हाच कॅनडाचा मार्ग पत्करला. कागदावर वाटणी स्वच्छ दिसते. पैशाचा ओघ मात्र या वाटणीप्रमाणे वाहत नाही: खर्चाची मोठी आणि दरवर्षी वाढणारी कामे प्रांतांकडे आहेत, आणि केंद्राच्या हाती असा पैसा आहे जो ते अटी घालून प्रांतांना देऊ शकते. अधिकार एकाचा, पैसा दुसऱ्याचा आणि श्रेयावर दोघांचाही दावा, अशी स्थिती झाली की वाद धोरणावरचा राहत नाही, पक्षांचा होतो.

याचे मला सर्वांत जवळून दिसलेले आणि आजही अस्वस्थ करणारे उदाहरण परदेशी विद्यार्थ्यांचे आहे.

आमच्या गल्लीतील एका घराच्या तळघरात काही काळ जळगावकडचा एक मुलगा राहत होता. तो मला काकू म्हणत असे आणि सणासुदीला जेवायला येत असे. एकदा त्याने फोनवर मला त्याच्या फीची पावती दाखवली. दोन वर्षांच्या पदविकेच्या एका सत्राची ती रक्कम त्याच्या वर्गातील कॅनेडियन विद्यार्थ्याच्या फीच्या कित्येक पट होती. त्या तळघरात सहा मुले होती, गाद्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या, स्वयंपाकाच्या पाळ्या फ्रिजवर कागद चिकटवून ठरवलेल्या, आणि त्याच कागदाच्या खाली कोणाची कोणत्या गोदामात कितीची पाळी आहे तेही लिहिलेले. वर्ग एका व्यापारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भरत. त्याच्या वडिलांनी शेतीचा तुकडा गहाण टाकून कर्ज काढले होते. ‘काकू, मला व्हिसा कॅनडा सरकारने दिला, म्हणजे कॉलेज सरकारने तपासलेलेच असणार ना?’ असे त्याने मला विचारले होते, आणि त्याचे उत्तर देताना मला या देशाची सगळी घटना त्याच्यासमोर मांडावी लागली.

कारण वस्तुस्थिती अशी होती की शिक्षणासाठीचा परवाना केंद्र सरकार देते, परंतु कोणत्या संस्थेने परदेशी विद्यार्थी घ्यावेत हे प्रांत ठरवतो. कॉलेज चांगले की वाईट, हे पाहणे ओटावाचे काम नव्हते. आणि किती मुले देशात येत आहेत, हे मोजणे क्वीन्स पार्कचे काम नव्हते. त्या मुलांनी राहावे कुठे, याचा विचार करण्याची वेळ शेवटी महापालिकांवर आली, आणि महापालिकांना तर इथल्या घटनेत स्वतंत्र स्थानच नाही, त्या सर्वस्वी प्रांताच्या कायद्याने चालतात.

यामागचे अर्थकारण समजून घेतल्याशिवाय पक्षांच्या भाषणांवर विश्वास ठेवू नये, असे मला कळकळीने वाटते. २०१९ मध्ये फोर्ड सरकारने स्थानिक विद्यार्थ्यांची फी १० टक्क्यांनी कमी केली आणि पुढे ती गोठवून ठेवली. निर्णय लोकप्रिय होता, माझ्या ओळखीच्या अनेक पालकांना त्याचा फायदा झाला. परंतु कॉलेजांचे सरकारी अनुदान त्या प्रमाणात वाढवले नाही. मग कॉलेजांनी पैसा तिथून उभा केला, जिथे फीवर कोणतीही मर्यादा नव्हती. प्रांताच्याच महालेखापरीक्षकांनी डिसेंबर २०२१ च्या अहवालात दाखवून दिले की सार्वजनिक कॉलेजांत परदेशी विद्यार्थी एकूण विद्यार्थ्यांच्या ३० टक्के होते, मात्र फीच्या उत्पन्नातील त्यांचा वाटा ६८ टक्के होता. अहवाल प्रांताच्या विधानसभेसमोर होता, छापलेला होता, सगळ्यांना वाचता येत होता. त्यानंतरही संख्या वाढतच राहिली. किचनरमधील एकाच सार्वजनिक कॉलेजाच्या नावे २०२३ मध्ये ३०,००० हून अधिक परवाने मंजूर झाले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस देशात शिक्षणाचा परवाना असलेल्यांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली होती.

केंद्राचा हात यात नव्हता असे कोणी समजू नये. कामगारांची टंचाई आहे म्हणून ओटावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये विद्यार्थ्यांच्या कामावरील आठवड्याला २० तासांची मर्यादा उठवली, आणि ज्याला शिक्षणापेक्षा मजुरीची वाट हवी होती त्याला ती मोकळी झाली. विद्यार्थ्याने खात्यात दाखवायची रक्कम वर्षानुवर्षे १०,००० डॉलर एवढीच राहिली. घरभाडी कुठल्या कुठे गेली तरी ती बदलली नाही, आणि जानेवारी २०२४ मध्ये ती एकदम २०,६३५ डॉलर झाली. त्याच महिन्यात तत्कालीन केंद्रीय इमिग्रेशन मंत्री मार्क मिलर यांनी नव्या परवान्यांवर मर्यादा जाहीर केली: २०२४ साठी सुमारे ३,६०,०००, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा ३५ टक्के कमी. शिवाय बहुतेक अर्जांसोबत प्रांताचे पत्र आवश्यक झाले. म्हणजे जी सांगड सुरुवातीपासून असायला हवी होती, ती गाडी रुळावरून घसरल्यावर घातली गेली.

आणि मग दोन्हीकडच्या मंत्र्यांनी काय केले? ओटावाने सांगितले की प्रांतांनी निकृष्ट संस्थांना मोकळे रान दिले. क्वीन्स पार्कने सांगितले की केंद्राने चर्चा न करता अचानक घाव घातला. दोन्ही विधानांत तथ्य आहे, आणि म्हणूनच ती धोकादायक आहेत. अर्धे सत्य सांगणाऱ्याला खोटा ठरवता येत नाही. प्रांताने फेब्रुवारी २०२४ मध्ये कॉलेजे आणि विद्यापीठांसाठी तीन वर्षांत सुमारे १.३ अब्ज डॉलर देण्याचे जाहीर केले, पण स्थानिक फीची गोठवणूक मात्र पुढे सुरू ठेवली. नोव्हेंबरमध्ये आमच्याच भागातील शेरिडन कॉलेजाने ४० अभ्यासक्रमांचे प्रवेश थांबवत असल्याचे सांगितले. त्या अभ्यासक्रमांत शिकू पाहणारी इथली मुलेही होती.

जळगावच्या त्या मुलाचे पुढे काय झाले, ते मी इथे लिहिणार नाही, ती त्याची खासगी गोष्ट आहे. पण त्या काळात आमच्या एका गणपतीच्या कार्यक्रमानंतर झालेला वाद मला नोंदवून ठेवायचा आहे. एक ज्येष्ठ काका ठामपणे म्हणत होते की हे सगळे ट्रूडोंनी केले. एक वहिनी तितक्याच ठामपणे फोर्डना जबाबदार धरत होत्या. दोघेही सुशिक्षित, दोघेही नियमित मतदान करणारे. अर्धा तास आवाज चढत गेला, तरी या काळात कॉलेजांच्या अनुदानाचा आकडा, परवान्याचा नियम, यातले काहीच कोणी उच्चारले नाही. दोन्ही सरकारांना जनतेने अशाच रीतीने वाद घालायला हवा असतो. काका आणि वहिनी एकमेकांशी भांडत असेपर्यंत कोणत्याही मंत्र्याला उत्तर द्यावे लागत नाही.

कार्बन कराची कथा याहून छोटी, पण तितकीच बोलकी आहे. केंद्राच्या २०१८ च्या कायद्यानुसार प्रदूषणावर किंमत लावायची पद्धत प्रांतांनी स्वतः ठरवायची होती. जो प्रांत ठरवणार नाही तिथे केंद्र आपली पद्धत लागू करणार होते. ऑन्टारियोत आधीच्या विन सरकारची स्वतःची योजना होती. फोर्ड यांनी २०१८ मध्ये सत्तेवर येताच ती रद्द केली, आणि म्हणून एप्रिल २०१९ पासून केंद्राचा कर इथे सुरू झाला. त्यानंतर फोर्ड सरकारने कायदा करून प्रत्येक पेट्रोल पंपावर एक निळा स्टिकर लावणे सक्तीचे केले. लिटरमागे ४.४ सेंट कर आता, आणि २०२२ पर्यंत ११ सेंट, असा चढता आलेख त्यावर होता. जमा झालेल्या रकमेचा बहुतांश भाग कुटुंबांना परत मिळत असे, ही गोष्ट मात्र त्यावर कुठेही नव्हती. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने ही सक्ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात असल्याचे सांगून रद्द केली. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी केंद्राचा कायदा वैध ठरवला. एवढे जिंकूनही केंद्राला तो कर राखता आला नाही, कारण ऑक्टोबर २०२३ मध्ये ट्रूडो यांनी घर गरम करण्याच्या तेलावरील हा कर तीन वर्षांसाठी थांबवला. हे तेल अटलांटिक प्रांतांत अधिक वापरले जाते आणि तिथे लिबरल खासदार अस्वस्थ होते, तर पश्चिमेकडील प्रेअरी प्रांतांत नैसर्गिक वायू वापरणाऱ्यांना काहीच सवलत नव्हती. तत्त्वासाठी उभा केलेला कर पक्षाच्या जागांसाठी वाकवला की त्याचे समर्थन कोणी करायचे? १ एप्रिल २०२५ पासून कार्नी सरकारने ग्राहकांवरील हा कर शून्यावर आणला. मी त्या कराच्या बाजूची होते आणि अजूनही आहे, त्यामुळे हे लिहिताना मला वाईट वाटते.

संघराज्याची हीच रचना चांगले काम करू शकते, याचा पुरावाही याच देशात आहे. सार्वजनिक आरोग्यविमा ओटावात जन्मला नाही. टॉमी डग्लस यांच्या सस्कॅचवन सरकारने १९४७ मध्ये रुग्णालयांचा विमा सुरू केला, आणि १ जुलै १९६२ रोजी, वुड्रो लॉइड प्रीमियर असताना, डॉक्टरांचा संप पत्करून त्याच प्रांताने डॉक्टरांच्या उपचारांचा विमा लागू केला. हा प्रयोग टिकला, लोकांनी पाहिला, आणि १९६६ मध्ये केंद्रातील लेस्टर पिअरसन यांच्या अल्पमतातील सरकारने निम्मा खर्च उचलण्याची तयारी दाखवून इतर प्रांतांना त्यात आणले. १९७२ पर्यंत सारा देश त्याखाली आला. प्रांताने धाडस केले, केंद्राने पैसा दिला, आणि दोघांची वाटणी प्रत्येकाला ठाऊक होती: निम्मे तुमचे, निम्मे आमचे.

ती स्पष्टता १९७७ नंतर हळूहळू गेली. निम्म्या खर्चाऐवजी ठोक रक्कम आणि करांतील वाटा असा व्यवहार सुरू झाला, आणि तेव्हापासून केंद्राचा खरा वाटा किती, यावर दोन्ही बाजूंचे हिशेब कधीच जुळलेले नाहीत. १९९५ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन केंद्रीय अर्थमंत्री पॉल मार्टिन यांनी केंद्राची तूट भरून काढण्यासाठी प्रांतांना द्यायच्या रकमांत मोठी कपात केली. ऑन्टारियोत रुग्णालये बंद करण्याचा आणि एकमेकांत विलीन करण्याचा निर्णय हॅरिस सरकारने घेतला आणि जनतेचा रोष त्यांच्या वाट्याला आला. केंद्राची शिल्लक वाढली तेव्हा शाबासकी मार्टिन यांना मिळाली. हॅरिस यांनी त्याच काळात प्राप्तिकरही कमी केला होता, तेव्हा त्यांना निर्दोष ठरवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण आज एखाद्या आजीला तातडीच्या विभागात खुर्चीवर रात्र काढावी लागते, तेव्हा त्या रात्रीची मुळे शोधायची तर दोन्ही पक्षांच्या आणि दोन्ही सरकारांच्या तीस वर्षांच्या कागदपत्रांतून जावे लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने दहा वर्षांसाठी ४६.२ अब्ज डॉलर नव्याने देऊ केले, तेव्हाही पुरेसे की अपुरे यावरच बोलणी झाली. आमच्या शहराला त्यातून काय मिळेल, हे समजायला मार्ग नव्हता.

म्हणून माझी मागणी पक्ष बदलण्याची नाही. भारतात वस्तू आणि सेवा कराच्या बाबतीत जीएसटी परिषद आहे. तिच्यावर कितीही टीका होवो, केंद्र आणि राज्ये तिथे घटनेने ठरवून दिलेल्या मतांच्या वजनानिशी बसतात आणि निर्णय कोणी घेतला हे कळते. कॅनडात पंतप्रधान आणि प्रीमियर यांच्या बैठकांना असा कोणताही घटनात्मक आधार नाही. पंतप्रधानांना वाटले तर त्या होतात, दार लावून होतात, आणि बाहेर आल्यावर प्रत्येकजण आपापले निवेदन वाचतो. इथे घटना बदलणे जवळजवळ अशक्य आहे, हे मला मान्य आहे. परंतु घटना न बदलताही एक गोष्ट करता येते. केंद्र दरवर्षी किती विद्यार्थ्यांना परवाने देणार, प्रांत त्यांच्यापैकी कितींना कोणत्या संस्थांत घेणार, प्रत्येक स्थानिक विद्यार्थ्यामागे कॉलेजाला किती अनुदान देणार, आणि त्या भागात राहण्याच्या किती जागा उपलब्ध आहेत, हे चार आकडे एकाच कागदावर, दोन्ही मंत्र्यांच्या सह्यांनिशी, प्रवेशाचे वर्ष सुरू होण्यापूर्वी प्रसिद्ध व्हावेत. आरोग्याच्या पैशाबाबतही हेच: केंद्राकडून आलेली रक्कम, प्रांताने घातलेली रक्कम आणि प्रत्येक रुग्णालयाला पोहोचलेली रक्कम, एका पानावर.

ही मागणी मी माझ्या खासदारांच्या आणि माझ्या आमदारांच्या कार्यालयांना एकाच पत्रात, दोघांचीही नावे वर लिहून पाठवली आहे, म्हणजे एकाला दुसऱ्याकडे पाठवण्याची सबब उरू नये. मिसिसागा आणि ब्रॅम्प्टनमधील मराठी वाचकांनीही आपापल्या मतदारसंघात तसेच पत्र लिहावे, अशी माझी विनंती आहे. मसुदा हवा असल्यास मी पाठवीन. उत्तर कोणाकडून आधी येते आणि त्यात काय असते, ते मी इथेच लिहीन.